पत्रव्यवहाराने खेळलेल्या डावांतील कोडी कशी सोडवावीत?

आपण विचारले आहे की, मोबाइलवरील बुद्धिबळाची कोडी झटपट सुटत असताना पत्रव्यवहाराने खेळलेल्या डावांतून घेतलेली कोडी बराच वेळ डोके खाजवूनही का सुटत नाहीत, आणि ती सोडवण्याची काही वेगळी पद्धत आहे का. पद्धत नक्कीच वेगळी आहे.

टपालाने खेळताना साधारणपणे १० चालींसाठी ३० दिवस मिळत, आणि पोस्टकार्डाच्या प्रवासाचे दिवस त्यात धरले जात नसत. परदेशी प्रतिस्पर्ध्याशी भाषेची अडचण येऊ नये म्हणून चाल आकड्यांत लिहिली जाई. पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना ए ते एच आणि आडव्या ओळींना १ ते ८ अशी नावे असतात; आकड्यांत पट्ट्यांनाही १ ते ८ धरत, म्हणजे ई साठी ५. ई२ वरील प्यादे ई४ वर न्यायचे असेल, तर कार्डावर ५२५४ एवढे लिहिले की काम भागे. मुख्य म्हणजे विचार करताना पटावर सोंगट्या हलवून पाहण्याची, पुस्तके धुंडाळण्याची आणि टिपणे ठेवण्याची पूर्ण मुभा होती. समोरासमोरच्या डावात यातले काहीच चालत नाही. तेव्हा जी चाल कोणीतरी दिवसचे दिवस सोंगट्या हलवून शोधली, ती पडद्याकडे पाहून काही मिनिटांत सुचावी अशी अपेक्षा आपण स्वतःकडून करू नये.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे पाचव्या जागतिक पत्रव्यवहारी अजिंक्यपद स्पर्धेतील (१९६५-६८) याकोव्ह एस्ट्रिन (पांढरे) विरुद्ध हान्स बर्लिनर (काळे) हा डाव. बर्लिनर यांनी ती स्पर्धा १६ पैकी १४ गुण मिळवून जिंकली. या डावात १४व्या चालीला पांढरा हत्ती एफ३ वर येतो आणि काळ्याच्या जी४ वरील उंटाला तो सरळ मारता येतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही शाळकरी मुलांना शिकवतो, तेथे ही स्थिती मांडली की बहुतेक मुले एका सुरात ‘हत्ती घ्या’ असेच सांगतात. बर्लिनर यांनी मात्र तो घेतला नाही. लगेच घेतला असता, तर पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येऊन डी५ वरील घोड्यावर चालून गेला असता. त्याऐवजी त्यांनी आपला हत्ती ए८ वरून बी८ वर नेला, ज्यात ना शह आहे, ना मारामारी. त्या हत्तीने बी५ वरील उंटावर नेम धरल्यामुळे उंटाला ई२ वर माघार घ्यावी लागली, आणि मगच एफ३ वरचा हत्ती मारला गेला, तोही अशा वेळी की परत मारायला वजीर न येता उंटच आला. खरी गंमत पुढे आहे. १८व्या चालीला बी८ वरचा हाच हत्ती बी६ वर चढला, कारण तेथून आडवे एच६ वर जाऊन नुकत्याच मोकळ्या झालेल्या एच पट्टीवर पांढऱ्या राजाला शह देता येणार होता.

म्हणून माझा आग्रह असा की, खरा लाकडी पट मांडावा, सोंगट्या खुशाल हलवाव्यात, चालींचा प्रत्येक फाटा (एका चालीतून पुढे निघणारा पर्यायी क्रम) वहीत लिहावा आणि कोडे रात्रभर, हवे तर आठवडाभर, तसेच मांडून ठेवावे. सुचलेल्या चालींत शह नसलेली आणि मारामारी नसलेली किमान एक चाल असलीच पाहिजे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. प्रतिस्पर्ध्याचे उत्तर शोधताना आपल्याला सोयीचे उत्तर धरू नये; समोरच्यालाही विचार करायला तेवढेच दिवस होते. ‘पांढऱ्याने खेळून जिंकावे’ असे लिहिलेले नसेल, तर उत्तर बरोबरीचेही असू शकते, आणि खऱ्या डावांत ते पुष्कळदा तसेच असते.

निवड करताना मी संगणकपूर्व काळातील डावांना पसंती देईन. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारी बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत आता संगणकाची मदत घेण्यास परवानगी आहे, त्यामुळे अलीकडच्या डावांतील चालींमागचे कारण माणसाला उलगडणे फार कठीण जाते. जुन्या डावांतील विश्लेषणात चुका सापडतात, हे खरे. पण म्हणूनच वहीतले लिखाण पुरे झाल्यावर स्टॉकफिशसारख्या इंजिनाकडून (बुद्धिबळाच्या चाली तपासणाऱ्या संगणकप्रणालीकडून) ते ओळीने तपासून घ्यावे, आणि जेथे आपले व त्याचे मत फाटते, त्या चालीपासून पट पुन्हा मांडावा.