बेरीज २१८ ऐवजी ००१२ कशी?

प्रश्न : मी शाळेत गणित शिकवते, सुट्टीत जावास्क्रिप्ट शिकतेय. तीन मुलांचे गुण अ‍ॅरेमध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, ठेवले : ७२, ६५, ८१. बेरीज शून्यापासून सुरू करून 'फॉर-इन' लूपमध्ये एकेक गुण मिळवत गेले. उत्तर २१८ हवं, येतंय ००१२! मुलगा म्हणतो, 'फॉरईच' वापर. काय करू?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, तुमच्या ००१२ मध्येच सगळा उलगडा आहे. 'फॉर-इन' गुण देतच नाही. तो देतो इंडेक्स, म्हणजे यादीतल्या जागेचा क्रमांक : ०, १, २. तेही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून. संख्येत स्ट्रिंग मिळवायला गेलात की जावास्क्रिप्ट बेरीज सोडून चिकटवाचिकटवी करतं : ००, मग ००१, मग ००१२. एरर मात्र एकही नाही! (या भाषेची ही जुनीच खोड.)

'इन' खोडून 'ऑफ' लिहा, झालं. २०१५ च्या ईएस-६ या जावास्क्रिप्टच्या आवृत्तीमध्ये आलेला 'फॉर-ऑफ' थेट व्हॅल्यू हातात देतो. अ‍ॅरेच नव्हे, स्ट्रिंग, मॅप (की, म्हणजे नाव, आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या), सेट (वेगवेगळ्या व्हॅल्यूंचा साठा) यांवरही चालतो. इंडेक्सही हवा असेल तर अ‍ॅरेच्या 'एन्ट्रीज' मेथडवर फिरवा. तिथला इंडेक्स खरीखुरी संख्या असतो.

चिरंजीवांचा 'फॉरईच' यादीतल्या प्रत्येक घटकासाठी तुम्ही दिलेलं फंक्शन चालवतो. बेरजेपुरता ठीक. पण पहिला नापास सापडताच थांबायचं म्हटलं की अडकाल. त्यात 'ब्रेक' लिहिलात तर सिंटॅक्स एरर. 'रिटर्न' लिहिलात तर तेवढी एक फेरी संपते, पुढच्या चालूच. सर्व्हरवरून माहिती आणताना आत 'अवेट' (उत्तर येईपर्यंत थांब) लावलात तरी 'फॉरईच' कुणासाठी थांबत नाही, आणि निकाल हाती येण्याआधीच खालची ओळ चालून जाते. मी तरी नव्या माणसाला आधी 'फॉर-ऑफ'च शिकवतो.

'फॉर-इन' आहे तो साध्या ऑब्जेक्टसाठी, म्हणजे की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या साध्या साठ्यासाठी. पण प्रोटोटाइपकडून, म्हणजे मूळ ऑब्जेक्टकडून, वारशाने आलेल्या कीसुद्धा तो उकरून काढतो, म्हणून तिथेही मी 'ऑब्जेक्ट डॉट एन्ट्रीज' (त्याच्या स्वतःच्या जोड्यांची यादी) घेऊन त्यावर 'फॉर-ऑफ' फिरवतो. नुसत्या ऑब्जेक्टवर 'फॉर-ऑफ' लावू नका. 'इटरेबल नाही', म्हणजे यावर एकेक करून फिरता येत नाही, म्हणून टाइपएरर येईल.

आणि शिक्षिका आहात म्हणून खास सांगतो : हजेरी क्रमांकाची की करून गुणानुक्रमे यादी भरलीत, तर ऑब्जेक्ट ती हजेरी क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच परत देईल. संख्येसारख्या दिसणाऱ्या की तो स्वतःच तशा लावतो. पहिला आलेला पहिलाच हवा असेल तर मॅप घ्या, तो भरल्या क्रमाने देतो.