विज्ञानाचं निर्वसाहतीकरण म्हणजे विज्ञान नाकारणं का?

तुम्ही विचारलंय, की विज्ञानाचं निर्वसाहतीकरण, म्हणजे कुठला प्रश्न संशोधनाचा हे परदेशानं नव्हे तर आपण ठरवणं, हे विज्ञानविरोधकांचं खूळ आहे की त्यात काही तथ्य आहे. तथ्य आहे. मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. याच मुद्द्यावरून एका वरिष्ठांशी झालेलं भांडण मी आजही सोडलेलं नाही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. ओल ओसरली की जमीन भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. म्हणून पीक आठेक आठवड्यांचं झालं की शेतकरी दातेरी कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती उकरणारं अवजार, चालवतो. वरची माती मोकळी होऊन भेगांत उतरते, भेगा बुजतात. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडे म्हणतातच. ते अर्धं म्हणजे नेमकं किती, हे मला मोजायचं होतं. कोळपलेल्या आणि न कोळपलेल्या पट्ट्यांतून गिरमिटानं वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची, डबीत बंद करून आणायची, तोलायची, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवायची, पुन्हा तोलायची. कोळपलेल्या पट्ट्यांत खालची ओल जास्त टिकली होती.

परदेशी नियतकालिकानं लेख परत पाठवला: विषय स्थानिक आहे. वरिष्ठ म्हणाले, "अहो, कोळपणीवर कुणी प्रोफेसर होतं का? काहीतरी इंटरनॅशनल घ्या."

देशातली जवळपास निम्मी शेती पावसावर आहे, आणि हा विषय स्थानिक! इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एका कुरणावर १८५६ पासून प्रयोग चालू आहे. तेही एकाच गावचं गवत. त्याला कुणी स्थानिक म्हणत नाही, जगभर त्याचे दाखले देतात. माझा राग या दुजाभावावर आहे.

आणि राज्य इंग्रजांचं होतं तेव्हा काय चाललं होतं बघा. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. त्याच दशकात मोहोळला शेतकऱ्यांच्याच मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हे वाण काढलं. आजही रब्बीत त्याला तोड नाही, भाकरीला नाही आणि कडब्यालाही नाही. प्रश्न इथल्या रानातून उचलला होता, म्हणून उत्तर टिकलं. आता आमचे प्राध्यापक विषय ठरवताना आधी बाहेरचं नियतकालिक काय छापेल ते बघतात, कारण २०१० पासून बढती छापून आलेल्या लेखांच्या गुणांवरही मोजली जाऊ लागली. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं: तीस प्रकाशकांची नियतकालिकं वाचायला तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये. पोरांना वाचायला मिळेल, चांगलंच आहे. पण कुणाचं छापून आलं म्हणजे संशोधन, हे ठरवायचा हक्क तिकडेच राहिला.

एक सांगायचं राहिलं. पुराणातली विमानं खरी मानणं म्हणजे निर्वसाहतीकरण नव्हे. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, छापील पुरावे समोर ठेवले म्हणून. शेतकऱ्याचं म्हणणंही मोजूनच घ्यायचं. मी तेच करत होतो.

तुम्ही पीएचडी करणार असाल तर आपल्या तालुक्यातला प्रश्न घ्या आणि मोजमाप इतकं चोख ठेवा की कुणाला बोट ठेवायला जागा उरणार नाही. गाईडनं "फार लोकल आहे" म्हटलं तर त्यांना रोथॅमस्टेडच्या कुरणाबद्दल विचारा. आमच्या वरिष्ठांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही.