सोमल, हरताळ आणि बिननावाच्या पुड्या

आर्सेनिकबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येताहेत. नेहमीचे काही इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सोमल आणि संखिया एकच का?

एकच. आर्सेनिक ट्रायऑक्साइड. रसग्रंथांतला, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांवरच्या आयुर्वेदाच्या ग्रंथांतला, गौरीपाषाणही तोच.

प्रश्न : सोरायसिससाठी दीड वर्ष एकाकडून पुड्या घेतोय. त्यात सोमल नाही, फक्त शुद्ध केलेली हरताळ आणि मनशीळ आहे, असं तो सांगतो. खाज गेली, पण तळहातांवर खरखरीत दाणे आलेत. चालू ठेवू का?

नाही. आजच बंद करा आणि आजच डॉक्टर गाठा. हरताळ काय, मनशीळ काय, दोन्ही आर्सेनिक आणि गंधकाचीच खनिजं. शोधन कितीही केलं तरी त्यातलं आर्सेनिक हे आर्सेनिकच राहतं. खाज थांबली म्हणजे औषध निर्धोक ठरलं, हे कुणी सांगितलं? तळहात-तळपायांवर दाणे, काळपट अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे फिके ठिपके, नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा, पायांना मुंग्या : ही साठत गेलेल्या विषबाधेची लक्षणं असू शकतात. त्वचा, फुफ्फुस आणि मूत्राशयाचा कर्करोग तर पुड्या सुटल्यावर कित्येक वर्षांनीही उद्भवतो. ‘आणखी महिनाभर बघू’ हे वाक्य मला फार वेळा ऐकावं लागतं.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या परिशिष्ट ई(१) मध्ये सोमल, हरताळ आणि मनशीळ ही तिन्ही द्रव्यं विषारी म्हणून नोंदलेली आहेत. ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावाच लागतो. कागदाच्या पुडीवर ना इशारा, ना परवाना क्रमांक, ना बॅच. उरलेल्या पुड्या फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. ते एकदम तुटल्यानंही त्रास होतो, म्हणून घरी वाट पाहत बसू नका.

प्रश्न : पण रक्ताच्या कर्करोगावर आर्सेनिक देतात ना?

देतात, त्याच्या एका ठरावीक प्रकारावर. रुग्णालयात, शिरेतून, मोजून, ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासत. पुडीवाल्यानं त्याचा दाखला देऊ नये.

प्रश्न : बहीण छत्तीसगडमध्ये अंबागड चौकीजवळ असते. हातपंपाचं पाणी उकळून प्यावं का? फिल्टरवाला टीडीएस मीटर लावून ‘पाणी चांगलं’ म्हणाला.

त्या भागात भूजलात आर्सेनिक आढळलेलं आहे. उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो, त्याला आर्सेनिक कळत नाही, हे विक्रेत्यांना ठाऊक असतं. नमुना प्रयोगशाळेतच द्या. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमची. अहवाल येईपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरा.

प्रश्न : लघवीत आर्सेनिक जास्त निघालं. आम्ही रोज मासे खातो. डिटॉक्स करावं का?

नको. कोळंबी-खेकड्यांतलं आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी, पण एकूण आकडा फुगवतं. चार-पाच दिवस मासळी बंद ठेवा आणि अजैविक (म्हणजे विषारी प्रकारचं) आर्सेनिक वेगळं मोजणारी तपासणी डॉक्टरांकडून लिहून घ्या.