फोन न करता कळलं पाहिजे

सोलापूर

प्रिय पोरी,

सोलापुरी चादरींच्या नोंदींसाठी तू केलेली शब्दसूची काल रात्री दोनदा वाचली. ‘लांबी : चादरीची लांबी’ इथं आलो आणि चष्मा काढून ठेवला. शेजारी तू पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘सर, एवढं तर सगळ्यांना कळतं. मग व्याख्या कशाला?’

नाही कळत. घरातली चादर घे, टेप लाव. दशा, म्हणजे टोकाचे मोकळे धागे, धरून मोजलीस की सोडून? धुण्याआधी की नंतर? सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं. पूर्व भागात मोजणारी मुलगी एक धरेल, अक्कलकोट रोडवरचा मुलगा दुसरं. दोघंही प्रामाणिक, आणि तुझ्या तक्त्यात एकाच चादरीचे दोन आकडे. असं लिही : ‘न धुतलेल्या चादरीवर, एका टोकाच्या दशा सुरू होतात तिथून दुसऱ्या टोकाच्या दशांपर्यंत, ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेनं मोजलेलं अंतर, सेंटिमीटरमध्ये.’ कंटाळवाणं आहे ना? असू दे. पण भरणाऱ्याला तुला फोन करावा लागणार नाही. व्याख्येकडून माझी तेवढीच अपेक्षा आहे.

डब्लिन कोअरमध्ये, म्हणजे कुठल्याही वस्तूची नोंद करायच्या ठरीव रकान्यांच्या यादीत, व्याख्या आयत्या आहेत, असं तू म्हणालीस. आहेत, पंधरा घटकांच्या. (हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोचं. १९९५ साली तिथं बैठक झाली, म्हणून ते नाव.) पण जगातलं काहीही त्यात बसावं म्हणून ते घटक मुद्दाम सैल ठेवलेत. तिथला ‘दिनांक’ म्हणजे साधारण, वस्तूच्या आयुष्यातल्या एखाद्या घटनेशी जोडलेली वेळ किंवा कालावधी. कुठली घटना? चादर विणली ती, बाजारात आली ती, की तू तिचा फोटो काढलास ती? ओहायोहून कुणी सांगायला येणार नाही. ते तुलाच लिहायचंय.

या ‘दिनांक’नंच मला फसवलंय. एका संस्थेत आम्ही जुनी पत्रकं नोंदवत होतो. बऱ्याच कागदांवर नुसतं शके लिहिलेलं, इसवी सन नाही. मी ‘दिनांक’ची व्याख्या करत बसलो होतो, तेव्हा सोबतचा म्हणाला, ‘एका शब्दापायी काय करूलालास बे? अठ्ठ्याहत्तर मिळव अन् सोड.’ वरून आकड्यांचा तगादा होता. मी सोडलं. आता शके १८५२ घे. आपल्या गावातला मार्शल लॉ मे १९३०चा, तो याच शकात. आपले चार हुतात्मे येरवड्याला फाशी गेले १२ जानेवारी १९३१ला, तेही याच शकात, कारण शक बदलतो चैत्रात. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात. आम्ही सरसकट अठ्ठ्याहत्तर मिळवले. आमच्या यादीत शोकसभेचं पत्रक १९३०चं झालं. माणसं फाशी जायच्या आधीच त्यांची शोकसभा!

‘कागदावर छापलेला दिनांक, जसा आहे तसा, इसवी सन वेगळ्या रकान्यात, महिना पाहून.’ एवढं एक वाक्य मी लिहिलं असतं तर? लिहिता येत होतं. ती यादी नंतर कुणी दुरुस्त केली नाही. मला आडमुठा म्हणतात ते तेव्हापासून. म्हणोत. एका संज्ञेपायी तीन आठवडे अडवले म्हणून माझ्यावर चिडलेले लोक मला आठवतात, पण अडवलेल्या कामात असं पत्रक एकही निघालं नाही. निदान मला तरी सापडलं नाही.

बाकी किरकोळ. ‘इतर’ या संज्ञेची व्याख्या ‘वरीलपैकी नसलेले’ अशी केलीयस. काय नाही ते सांगून भागत नाही, काय आहे ते सांग. कारखान्यात एकाच गोष्टीला मराठी, तेलुगू, कन्नड अशी तीन नावं असतील तर एक मुख्य धर आणि उरलेल्या दोघांपुढं ‘पहा’ लिही. तेलुगू नाव खोडू नकोस, ज्याच्या हाताखालून चादर निघते तो तेच म्हणतो. आणि ‘नमुना’ची व्याख्या ‘डिझाइन’, ‘डिझाइन’ची ‘नमुना’? पोरी, हे रात्री दोन वाजता लिहिलंस ना?

रविवारी ये. येताना तुझ्या धाकट्या भावाला आण. माझ्याकडं एक मयूर चादर आहे, अजून धुतलेली नाही. त्याच्या हातात तुझी सूची आणि टेप द्यायची, तू गॅलरीत बसायचं, मोबाइल माझ्याकडं. माझा आकडा मी लिहून पाकिटात ठेवलाय.