जर्मन ‘टाटोर्ट’मधला फुटबॉलपटूच्या खुनाचा भाग इतका रेंगाळतो का? तो शेवटपर्यंत पाहावा का?

हो, शेवटपर्यंत पाहा. तुम्हाला जिथे कंटाळा आला, तिथेच तर तो भाग खऱ्या विषयाला हात घालतो.

तुम्ही लिहिलंय की जर्मनच्या सरावासाठी ‘मोर्ड इन डेअर एर्स्टन लीगा’, म्हणजे ‘पहिल्या लीगमधला खून’, लावलात. हानोफरच्या संघातला एक खेळाडू मारला जातो इथवर रंगलात. पुढे मात्र पुरावे, पाठलाग काहीच नाही, नुसती ड्रेसिंग रूम, एजंट आणि चाहत्यांची भांडणं, म्हणून तासाभरात बंद केलंत. मी पुण्यात जर्मन शिकताना ‘टाटोर्ट’ बघायला लागले, आता हानोफरच्याच राज्यात, नीडरझाक्सनमध्ये राहते, आणि या भागाबद्दल मला मनापासून वाटतं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ही मालिका काय आहे ते बघू. ‘टाटोर्ट’ म्हणजे ‘गुन्ह्याची जागा’, जर्मन टीव्हीवरची पोलीस-तपासाची मालिका. २९ नोव्हेंबर १९७० ला ती सुरू झाली. रविवारी रात्री आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला सुमारे दीड तासाचा नवा भाग लागतो, आणि अजूनही लोक कॅफेत, बारमध्ये एकत्र बसून तो बघतात. एआरडी हे प्रादेशिक सरकारेतर सार्वजनिक वाहिन्यांचं मंडळ आहे आणि त्यातली प्रत्येक वाहिनी आपापल्या भागातल्या शहराची कथा करते. कोलोनचे तपास अधिकारी वेगळे, म्युनिकचे वेगळे, म्युन्स्टरचे वेगळे. त्यामुळे खुनी कोण याच्याइतकीच उत्सुकता असते ती या वेळी त्या शहरातली कुठली दुखरी जागा दाखवतात याची. वंशद्वेष, मद्यपान, निर्वासित, वृद्धाश्रमातली हेळसांड, असे विषय इथे खुनाच्या निमित्ताने घराघरांत पोचले आहेत. नुसतं कोडं सुटण्याची वाट बघत बसलात तर निम्मा भाग हातचा जातो.

हा भाग मार्च २०११ मध्ये दाखवला गेला. तपास करते शार्लोट लिंडहोल्म, म्हणजे अभिनेत्री मारिया फुर्टवेंगलर. काल्पनिक संघ उभा न करता निर्मात्यांनी थेट ‘हानोफर ९६’ हे खरं नाव वापरलं, आणि तेही संघ बहरात असताना. त्या हंगामात हानोफर बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, चौथ्या क्रमांकावर राहिला आणि युरोपातल्या स्पर्धेला पात्र ठरला. शहर खुशीत होतं.

पण त्याच शहराच्या मनात आणखी एक गोष्ट होती, आणि भारतात बसून ती कळणं अवघड आहे. १० नोव्हेंबर २००९ ला हानोफर ९६ चा गोलरक्षक रोबर्ट एंके याने आत्महत्या केली. वय ३२, राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक. तो कित्येक वर्षं नैराश्याशी झुंजत होता आणि हे बाहेर कळलं तर आपलं खेळणं, दत्तक घेतलेली मुलगी, सगळंच जाईल या भीतीने त्याने ते लपवून ठेवलं होतं. ज्या मैदानावर तो खेळायचा तिथेच त्याची शवपेटी ठेवली गेली आणि सुमारे ४० हजार माणसं निरोप द्यायला आली. जर्मन फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष टेओ त्स्वान्त्सिगर यांनी त्या दिवशी फुटबॉल म्हणजे सर्वस्व नव्हे, असं बजावलं. यावर इथे पुढे कितीतरी दिवस लोक बोलत होते.

दीड वर्षही झालं नव्हतं, आणि ‘टाटोर्ट’ त्याच क्लबात शिरून विचारत होता की हजारो लोक ज्याच्या नावाचा जयघोष करतात, त्याला आपल्याबद्दलची एखादी खरी गोष्ट बोलता का येत नाही. इथे ती गोष्ट नैराश्याची नाही, समलिंगी असण्याची आहे. खुनी कोण ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की लिंडहोल्म ज्याला ज्याला प्रश्न विचारते, तो खुनाबद्दल एक वेळ बोलेल, पण या विषयावर लगेच गप्प होतो. क्लबला नाव जपायचंय, एजंटला करार, सहकाऱ्यांना ड्रेसिंग रूममधली आपली जागा. तुम्हाला जे रेंगाळणं वाटलं ते हे गप्प होणं आहे. प्रत्येक जण काय टाळतोय ते बघत गेलात की हाच भाग वेगाने पुढे सरकतो.

प्रक्षेपणानंतर जे झालं ते मला भागापेक्षाही बोलकं वाटतं. त्यातलं एक पात्र म्हणतं की निम्मी राष्ट्रीय टीम समलिंगी असल्याची चर्चा आहे. असल्या अफवा पसरवणं हाच कसा लोकांचा खेळ झालाय, हे दाखवणारा तो संवाद होता. पण राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक ओलिव्हर बीअरहोफ यांनी तो संघावरचा हल्ला समजून जाहीर नाराजी व्यक्त केली. एखाद्याला समलिंगी म्हणणं म्हणजे त्याच्यावर चिखल उडवणं, हे त्या नाराजीत गृहीतच होतं, आणि भागाला नेमकं त्यावरच बोट ठेवायचं होतं. राष्ट्रीय संघाकडून ५२ सामने खेळलेला टोमास हिट्झल्सपेर्गर आपण समलिंगी असल्याचं उघडपणे बोलला तो जानेवारी २०१४ मध्ये, तेही निवृत्तीनंतर. म्हणजे पटकथेने जी भीती दाखवली ती काही लेखकाने रचलेली नव्हती.

सगळंच जमलंय असं नाही. हुलिगन टोळीचा, म्हणजे मारामाऱ्या करणाऱ्या चाहत्यांचा, धागा मला कच्चा वाटतो. त्या पोरांना संशय ओढवून घेण्यापलीकडे फारसं काम नाही, आणि ती घरी कशी राहतात, मैदानात काय शोधायला येतात, हे कळतच नाही. हानोफरसारख्या शहरात हे दाखवायला भरपूर वाव होता. तुम्ही कंटाळलात त्यात या धाग्याचाही वाटा असेल, आणि तिथे माझी काही हरकत नाही.

भाषेच्या दृष्टीने सांगायचं तर चौकशीची दृश्यं तुमच्यासाठी सोन्यासारखी आहेत. माणसं सावकाश, पूर्ण वाक्यांत आणि आदरार्थी बोलतात, शिवाय तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मैदानावरची आणि चाहत्यांची बोली सुटली तर सुटू द्या. ऐकू न येणाऱ्यांसाठीची जर्मन उपशीर्षकं मिळाली तर तीच लावा, इंग्रजी नको. ‘टाटोर्ट’चे भाग एआरडीच्या ‘मेडियाथेक’ या ऑनलाइन संग्रहात असतात, पण काही काळच, आणि भारतातून सगळे उघडतीलच असं नाही. तुमच्याकडे आधीच असेल तर जपून ठेवा.

हा आवडला तर त्याच वर्षी जूनमध्ये, महिला विश्वचषक जर्मनीत सुरू होण्याच्या तोंडावर आलेला ‘इम आब्झाइट्स’ बघा. लुडविग्सहाफेनची लेना ओडेनटाल त्यात एका तुर्की वंशाच्या महिला फुटबॉलपटूच्या खुनाचा तपास करते, आणि राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक योआखिम ल्योव आणि वर उल्लेख केलेले त्स्वान्त्सिगर स्वतः छोट्या भूमिकांत दिसतात. महासंघाचा हात पाठीवर असल्यामुळे तो फार सभ्य झालाय, असं माझं मत. हानोफरचा आधी पाहा, मग हा. महासंघाच्या मदतीने चित्रण केल्याने काय फरक पडतो, ते तुम्हाला लगेच दिसेल.