हिंग्वाष्टक चूर्ण रात्री जेवणानंतर गरम पाण्याबरोबर घेतो, तरी पोट फुगतंच. किती दिवस घ्यावं?

'रात्री गरम पाण्याबरोबर' हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. पंधरा दिवस झाले, ढेकरा थांबत नाहीत, पोट डब्ब होतं, तेव्हा हे चूर्ण बिनकामाचं आहे का, असंही तुम्ही पुढं विचारलंय. आमचा दादाही अगदी असंच बोलायचा.

हिंग्वाष्टक जेवणानंतर घ्यायचंच नसतं. जेवणाच्या पहिल्या घासाला घ्यायचं, तुपात कालवून. हे माझ्या मनाचं नाही. ज्या श्लोकात या चूर्णाची आठ औषधं सांगितलीत, त्याच श्लोकात पहिला घासही आहे आणि तूपही आहे. चूर्ण लक्षात राहतं, घास विसरतात.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पावसाळा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि भूक मरते. म्हणून आई मे महिन्यातच चूर्ण करून ठेवायची. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव, सगळं एका वजनाचं. हिंगावरून जाणत्यांत मतभेद आहेत. कुणी तोही बाकीच्यांइतकाच घेतात, कुणी खूप कमी. आई कमी घ्यायची. पण हिंग बाबांनी बेळगावला गेल्यावर रविवार पेठेतून आणलेलाच लागायचा, आणि तोही खडा. डबीतला बांधणी हिंग तिला चालायचा नाही, कारण त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. लोखंडी पळीत घरचं तूप घालून ती तो खडा फुलवायची. फुलून कुरकुरीत झाला की मगच खलात. त्या दिवशी घरभर वास सुटायचा, शेजारच्या काकू वाटी घेऊनच यायच्या.

दादा तेव्हा बेळगावात नोकरीला होता. आई बरणी भरून द्यायची आणि दर खेपेला सांगायची, "पहिल्या घासाला घे रे, भातावर तूप घालून." तो होय होय म्हणायचा. रात्री अकराला तेलकट जेवायचा, वर शीग लावून चमचाभर चूर्ण गरम पाण्यातून ढोसायचा आणि लगेच आडवा व्हायचा. दोन-तीन महिन्यांत छातीत जळजळ सुरू झाली. मावसभावाच्या लग्नात भरल्या पंगतीत तो म्हणाला, "आईच्या चूर्णानं माझं पोट जाळलं." आई तूप वाढत होती. तिनं तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि आत गेली. त्यानंतर तिनं चूर्ण कधीच केलं नाही.

पुढं दुर्बीण घालून तपासणी झाली, तर जठरात व्रण निघाला. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं की दादा वर्षभर कंबरदुखीच्या गोळ्या खात होता, मेडिकलमधून स्वतःच आणून, बहुतेक वेळा उपाशीपोटी. हे त्यानं कुठल्या पंगतीत सांगितलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, तिच्यापाशीही कधी कबूल केलं नाही.

आता तुमचं. अर्धा चहाचा चमचा चूर्ण, तेवढंच साजूक तूप, गरम भाताच्या पहिल्या दोन घासांत. अथणी-चिकोडीकडचे असाल तर भाकरीच्या तुकड्यावर घ्या, भातच पाहिजे असं नाही. दोन्ही वेळच्या जेवणाला घ्या आणि रात्रीचं जेवण लवकर करा. असं दहा-पंधरा दिवस करून बघा. फरक पडला नाही तर वाढवत बसू नका, वैद्यांना दाखवा. आपल्या बेळगावच्या शहापुरात १९३३ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथं दाखवायला अर्धा दिवस जाईल एवढंच.

आणि एक गोष्ट मला मान्य केलीच पाहिजे. दादाला नेमकं काय होतंय, हे आईनंही विचारायला हवं होतं. पोट फुगणं वेगळं आणि जळजळ, आंबट पाणी घशाशी येणं वेगळं, आणि आपल्याकडे दोन्हीला गॅसच म्हणतात. हिंग, मिरी, पिंपळी सगळी उष्ण. जळजळ असेल, व्रण असेल, तर हे चूर्ण तुपातूनसुद्धा नको. गरोदर बाईनं विचारल्याशिवाय घेऊ नये. बीपी असेल तर सैंधव म्हणजे शेवटी मीठच, हे ध्यानात ठेवा. गव्हाचं पीठ सोसत नसेल तर विकतच्या चूर्णात कुठला हिंग आहे ते विचारा. वजन उतरतंय, शी काळी होतेय, घास अडकतोय, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला तर गॅस समजून चूर्ण शोधू नका, सरळ दवाखाना गाठा.

गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा आईच्या पद्धतीनं चूर्ण केलं. दादाला दिलं नाही, त्याला ते चालणारही नाही. त्याच्या मुलीला दिलं. ती भातावर तूप घालून पहिल्या घासाला घेते. दादा समोरच जेवत असतो. बघतो, काही बोलत नाही.