मुलाची प्रतिकारशक्ती वाढवायला रोज किती चमचे खोबरेल पाजावं? कोकणात पूर्वी पाजत असत ना?

नाही, पाजत नसत. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे खोबरेलाची बरणी चुलीजवळ असे, औषधांच्या फळीवर नाही. ते जेवणात पडे आणि अंगाला चोळलं जाई. चमच्याने पिताना मी कुणाला पाहिलेलं नाही. तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि पावसाळा लागला की त्याला सारखी सर्दी होते, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल सांगतेच, पण याच तेलावरून मी सासरी वीस वर्षं बोलणी खाल्ली आहेत, ते आधी सांगू द्या.

२००१ साली लग्न होऊन कराडला आले. इथे फोडणी शेंगदाणा तेलाची, खोबरेल फक्त डोक्याला. पहिल्याच महिन्यात बांगडे मिळाले म्हणून मी तिखलं, म्हणजे माशांचं तिखट दाटसर कालवण, केलं. तिरफळं ठेचून घातली, गॅस बंद केला, वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडलं आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकण काढल्यावर जो वास येतो, त्या वासासाठीच ते तेल असतं. थोरले भाऊजी ताटावरून उठले. "केसांचं तेल खायला घालते," हे पुढे येईल त्या पाहुण्याला सांगितलं गेलं.

डिसेंबरात बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालं. साधारण २४ अंशांखाली खोबरेल गोठतंच. आमच्याकडे थंडीत बाटली उन्हात ठेवतात, घटकाभरात सुटतं. भाऊजींनी बाटली उलटी धरून सगळ्यांना दाखवली. "बघा, नसांमध्ये असंच बसत असणार." शरीर ३७ अंशांवर असतं, तिथे हे गोठत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण नव्या सुनेने बोलायचं कसं?

माझा मुलगा दोन वर्षांचा झाला आणि त्याचंही तुमच्या मुलासारखंच सुरू झालं, नाक वाहतंय, रात्री खोकला. मी आईला फोन करून विचारलं, तेल पाजू का? ती म्हणाली, "पाजू नको गो. तां काय औषध न्हय, जेवण आसा. पेजेत घाल." मग तिने वीसेक नारळ खवले, वाटून दूध पिळलं, मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ढवळत बसली. तळाला तपकिरी चोथा राहिला आणि वर तेल सुटलं. ती बाटली कापडात गुंडाळून एसटीने पाठवली. गरम पेज, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तेल. पोरगं वाटी चाटूनपुसून संपवायचं. सर्दी थांबली का? नाही. ती पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत येत राहिली. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. पोरगं आजारपणातही पोटभर जेवत होतं, माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

आणि मग आलं २०२०. तेच भाऊजी रोज सकाळी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खोबरेल घ्यायला लागले! कुणीतरी सांगितलं होतं की त्यातलं लॉरिक आम्ल विषाणू मारतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आठ महिन्यांनी त्यांचं रक्त माझ्याच टेबलावर आलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढलेलं होतं, डॉक्टरांनी तेल बंद केलं. टाळेबंदीत बसून राहणंही होतंच, सगळा दोष तेलावर टाकणार नाही. पण दोन मोठ्या चमच्यांत चोवीस-पंचवीस ग्रॅम संपृक्त चरबी जाते, त्याचा परिणाम दिसणारच.

लॉरिक आम्लाची गोष्ट अर्धी खरी आहे. खोबरेलात ते जवळजवळ निम्मं असतं. त्यापासून बनणारं मोनोलॉरिन प्रयोगशाळेत काही जिवाणू आणि चरबीचं आवरण असलेले विषाणू मारतं. पण काचेच्या बशीतलं मरण आणि मुलाच्या नाकातलं मरण वेगळं. तेल प्यायल्याने मुलं कमी आजारी पडतात, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट २०२० साली सोळा चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात इतर वनस्पती तेलांच्या मानाने खोबरेलाने एलडीएल वाढतं असंच दिसलं. पॅसिफिकमधल्या पुकापुका आणि टोकेलाऊ बेटांचा दाखला लोक देतात. तिथले लोक नारळावर जगूनही हृदयविकार कमी, असं १९८१ च्या अभ्यासात आलं होतं. पण ते अख्खा नारळ आणि मासे खात, बाटलीतलं तेल पीत नव्हते. आमच्याकडेही नारळ पोटात जाई तो खोबरं म्हणून, रस म्हणून. तेल अगदी थोडं, आणि सोबत मासे, कुळीथ, नाचणी, सोलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: पाजू नका. भातावर, भाजीवर अर्धा-एक चमचा घाला आणि घरातलं बाकी तेल तेवढं कमी करा. घाण्यावरून आणत असाल तर खोबऱ्याच्या वाट्या आधी बघून घ्या, बुरशी धरलेलं खोबरं घाण्यात जाता कामा नये. लसी वेळेवर द्या. खोकल्याबरोबर धाप लागत असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांकडे जा, तिथे तेलाचं काम नाही. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर त्यांच्या ताटात शेंगदाणा तेलच राहू द्या. भाऊजींच्या ताटात मीही आता तेच वाढते. तिखल्यावरचं खोबरेल मात्र मी सोडलेलं नाही.